मदत हवी आहे : 'आउटप्ले' केलं म्हणजे जिंकलंच का?

मंडळी, अमळनेरहून लिहितोय. इंग्रजीत माझा आनंदच आहे, म्हणून इथे विचारतो.

आमनी आंडेर (म्हणजे आमची पोरगी) नववीत आहे, शाळेच्या कबड्डी संघात खेळते. मागच्या आठवड्यात चोपड्याच्या मुलींकडून 28-31 असा सामना गेला. भित्तिपत्रकासाठी तिनं इंग्रजीत चार ओळी लिहिल्या, त्यात एक वाक्य : 'वी आउटप्लेड देम, बट वी लॉस्ट.' सरांनी लाल रेघ मारली. शेरा : 'आउटप्ले म्हणजे हरवणे. हरवलंत तर हरलात कशा?'

सामना मी बघितलाय. चढायांत आमच्याच पोरी भारी होत्या, बोनसही जास्त. शेवटी 28-28 असताना आमची एकच उरली होती. ती चढाईला गेली आणि मध्यरेषेपासून वीतभर अंतरावर घोट्याला पकडली गेली. पकडीचा एक, लोणाचे दोन. संपलं.

मोबाइलवर मराठी अर्थ शोधला तर 'बाहेर खेळणे' निघालं! मैदान बाहेरच असतं म्हणा. सर बरोबर की पोरगी?

प्रतिसाद 1
पोरगी बरोबर. इथलं 'आउट' म्हणजे बाहेर नव्हे, समोरच्यापेक्षा जास्त. आउटरन म्हणजे पळण्यात मागे टाकणं, आउटनंबर म्हणजे संख्येनं जास्त असणं, आउटस्मार्ट म्हणजे अकलेनं मात. तसं आउटप्ले म्हणजे प्रतिस्पर्ध्यापेक्षा सरस खेळणं. हे क्रियापद खेळाबद्दल बोलतं. निकाल सांगायला 'बीट' आणि 'डिफीट' आहेत.

2019 चा वर्ल्ड कप फायनल आठवा. दोघांच्या 241, सुपर ओव्हरमध्ये दोघांच्या 15, आणि इंग्लंड जिंकलं ते चौकार-षटकारांच्या मोजणीवर, 26 विरुद्ध 17. न्यूझीलंड हरलं, पण त्यांना कुणी आउटप्ले केलं असं म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

सरांचंही अगदीच चूक नाही. सरस खेळणारा बहुतेक वेळा जिंकतो, त्यामुळे हा शब्द ऐकला की माणूस विजय धरूनच चालतो. म्हणून तर ते 'बट' हवं, आणि ते तिनं घातलंय.

खरी चूक आपली मुलं दुसरीकडे करतात. मराठीत 'त्यांच्यापेक्षा' म्हणायची सवय, म्हणून 'आउटप्लेड दॅन देम' लिहितात. 'पेक्षा' त्या 'आउट'मध्येच आलाय, पुन्हा 'दॅन' नको.

प्रतिसाद 2
मराठी करताना 'मात केली', 'धूळ चारली' नको, त्यात निकाल येतो. 'आम्ही वरचढ खेळलो, पण हरलो' बसतं.

जाता जाता एक गंमत : इंग्रजीत 'बेस्ट' आणि 'वर्स्ट' ही दोन्ही क्रियापदंही आहेत, आणि दोन्हींचा अर्थ हरवणं! 'ही बेस्टेड मी' काय आणि 'ही वर्स्टेड मी' काय, मार आपणच खाल्ला. 'वर्स्ट' मात्र आता जुनाट वाटतं, परीक्षेत नको.

धागाकर्ता
आभार दादाहो. पोरीनं हे सगळं वहीत उतरवून सरांना दाखवलं. सरांनी वाक्य ठेवलं, फक्त 'लॉस्ट'च्या पुढे 28-31 लिहायला लावलं. ते तिनं मुद्दामच गाळलं होतं.