सकाळचं कॉर्टिसॉल नॉर्मल, तरी कुशिंग असू शकतं का?

डिचोलीकर: वहिनींचं वय ३८. पोट आणि चेहरा सुटलाय, हातपाय मात्र बारीक. बीपी, साखर दोन्ही यंदाच निघाली. पोटावर जांभळे, बोटभर रुंद वळ आहेत. सकाळी ८ चं कॉर्टिसॉल (मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं स्टेरॉइड हार्मोन) १६ मायक्रोग्रॅम आलं, म्हणजे रेंजमध्ये. मग कुशिंग, म्हणजे कॉर्टिसॉल फार काळ जास्त राहण्याचा आजार, नाही असं धरायचं का? वेर्ण्याला फार्मा कंपनीत शिफ्टची नोकरी आहे.

रात्रपाळी: नाही. सकाळी कॉर्टिसॉल सगळ्यांचंच चढलेलं असतं. निरोगी माणसात ते मध्यरात्री तळाला जातं, कुशिंगमध्ये जात नाही. म्हणून सकाळच्या आकड्यावरून होही म्हणता येत नाही, नाहीही. रात्रीच्या लाळेची तपासणी चांगली, पण झोपेची वेळ बदलत राहणाऱ्यांना ती फसवते. त्यांना डेक्सा टेस्ट बरी: डॉक्टरांना विचारून डेक्सामेथासोन ०.५ मिग्रॅच्या दोन गोळ्या रात्री ११ ते १२ च्या दरम्यान, दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ते ९ ला रक्त. कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली दबलं तर कुशिंगची शक्यता फार कमी. फिटच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिन किंवा टीबीच्या रिफाम्पिसिनने डेक्सा लवकर निघून जातं आणि टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येते.

बांबोळी_ओपीडी: त्याआधी स्टेरॉइडची चौकशी करा. कुशिंगचं सगळ्यात मोठं कारण तेच. पावसाळ्यात गजकर्णाला फार्मसीतून परस्पर आणलेली क्लोबेटासोल या जोरदार स्टेरॉइडची ट्यूब महिनोन्‌महिने चोळतात. सांधेदुखीच्या बिनलेबल पुड्या वेगळ्याच. अशा वेळी स्वतःचं कॉर्टिसॉल सहसा खाली जातं, त्यामुळे १६ हा आकडा त्याविरुद्ध बोलतो. पण प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड काही मशीनवर कॉर्टिसॉल म्हणूनच मोजलं जातं. काही सापडलंच तर एका दिवसात बंद करू नका: झोपलेली अ‍ॅड्रिनल ग्रंथी लगेच जागी होत नाही, बीपी कोसळतं.

एमआरआयची घाई नको. पिट्युटरीत (मेंदूखालच्या ग्रंथीत) निरुपद्रवी बारीक गाठ धडधाकट माणसांतही सापडते. आधी दोन वेगळ्या तपासण्या बिघडलेल्या दिसू देत, मग एसीटीएच (अ‍ॅड्रिनलला कॉर्टिसॉल बनवायला लावणारं पिट्युटरीचं हार्मोन). त्याचा नमुना जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये, बर्फात, लगेच लॅबला. गरम झाला की आकडा खोटा कमी येतो आणि पिट्युटरी सोडून अ‍ॅड्रिनलचा शोध सुरू होतो.

डिचोलीकर: क्रीम, पुडी काही नाही. पाळीसाठी गर्भनिरोधक गोळी चालू आहे.

रात्रपाळी: हे महत्त्वाचं. गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे कॉर्टिसॉल वाहून नेणारं प्रथिन वाढतं, म्हणून रक्तातलं एकूण कॉर्टिसॉल जास्त दिसतं. डेक्सा टेस्टसाठी ही गोळी साधारण ६ आठवडे थांबवावी लागेल, अर्थात डॉक्टरांना विचारून. तोवर २४ तासांच्या लघवीतलं फ्री (प्रथिनाला न चिकटलेलं) कॉर्टिसॉल करून घ्या, त्यावर गोळीचा फारसा परिणाम नाही. पहिली लघवी टाकून वेळ लिहायची, मग दुसऱ्या दिवशीच्या त्याच वेळेपर्यंतची सगळी, शेवटचीसुद्धा, कॅनमध्ये. कॅन फ्रीजमध्ये. सोबत क्रिएटिनिन (लघवीतून रोज साधारण सारखंच जाणारं द्रव्य) सांगा, नाहीतर गोळा करताना काही राहिलं का ते कळत नाही. आणि एकदा नव्हे, दोनदा.