कम्युनिटी कॉलेजातलं कॉम्प्युटर इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी म्हणजे फुकट गेलेली दोन वर्षं?

वऱ्हाडी_जर्सीत: काल इथे कुणीतरी लिहिलं, "ज्यांना इंजिनिअरिंग झेपत नाही ते कम्युनिटी कॉलेजात टेक्नॉलॉजी करतात, पोरांची दोन वर्षं घालवू नका." डोकंच फिरलं. मी बीकॉम, नवऱ्याच्या व्हिसामागून एच-फोरवर अमेरिकेत आलेली, ३६व्या वर्षी न्यू जर्सीत हेच ए.ए.एस. केलं, म्हणजे कामाला थेट उपयोगी पडणारी कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी. पहिल्याच लॅबमध्ये माझं सर्किट चालेना, दोन तास वायरी उपसल्या, शेवटी मल्टीमीटर लावला तर ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता सर्किट जोडायच्या पाटीच्या) डाव्या अर्ध्यात ५ व्होल्ट आणि उजव्यात शून्य, कारण त्या बोर्डाची पॉवर रेल, म्हणजे वीज पुरवणारी पट्टी, मधोमध तुटलेली असते आणि जंपर, म्हणजे जोडवायर, टाकावी लागते हे मला माहीतच नव्हतं. आज नेटवर्कचं काम करते ते असल्याच सवयीवर. झेपत नाही म्हणे!

एडिसनकर: मीच लिहिलं होतं, आणि मागे घेत नाही. माझा मुलगा ए.ए.एस. संपवून इंजिनिअरिंगला गेला तर लॅबच्या विषयांचे निम्मे क्रेडिट धरलेच नाहीत, आणि ए.ए.एस.ला ट्रिगवर (त्रिकोणमितीवर) भागलेलं म्हणून कॅल्क्युलस वनपासून सुरुवात. क्रेडिट पुढच्या कॉलेजात धरायचा राज्याचा २००८चा ट्रान्सफर करार ए.ए. आणि ए.एस. या दुसऱ्या दोन वर्षांच्या पदव्यांना आहे, ए.ए.एस.ला नाही, हे प्रवेशाच्या वेळी एकानेही सांगितलं नाही.

सोल्डरगन: मग पुढे इंजिनिअरिंगच करायचं होतं तर ए.एस. इंजिनिअरिंग सायन्स घ्यायचं ना. एबेटमध्येसुद्धा, म्हणजे अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेत, इंजिनिअरिंग आणि टेक्नॉलॉजीची कमिशनं वेगळी. एनजेआयटीत (न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत) इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीची बॅचलर्स आहे, तिकडे विचारलं होतंत का?

तंत्रनिकेतन९८: घराघरात हेच, भारतातही. दहावीनंतर डिप्लोमा केला तर काका म्हणाले, "मार्क कमी पडले का?" इंजिनिअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला गेलो, वर्गात पाठीमागे "डिप्लोमावाले" म्हणायचे, पण प्रॅक्टिकलला सीआरओ (सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावायचा म्हटलं की आमच्याच टेबलाशी गर्दी.

गणितवेडी: आणि एम-थ्री, सेकंड इयरचं गणित? पहिल्या वर्षाचे एम-वन, एम-टू न करता थेट लाप्लास, आमच्या बॅचला किती डिप्लोमावाल्यांची केटी लागली ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

तंत्रनिकेतन९८: लागली ना, माझीही लागली. दुसऱ्या प्रयत्नात काढली, रात्री फॅक्टरीतून येऊन. पहिलं वर्ष न शिकवता थेट एम-थ्रीला बसवायचं आणि वर आम्हालाच ढ म्हणायचं, हे कुठलं गणित?

गणितवेडी: ढ म्हटलं नाही मी. तुमच्यासाठी ब्रिज कोर्स नीट घ्यायला हवा होता, एवढं मान्य. पण पाया कच्चा राहतो तो राहतोच.

वऱ्हाडी_जर्सीत: एम-थ्री बाजूला ठेवा हो, विषय तो नाहीये. एडिसनकर, तुमच्या मुलाचं नुकसान झालं ते खरंच वाईट. पण चूक डिग्रीचा प्रकार न विचारण्याची, आणि शिव्या शिकणाऱ्याला.

एडिसनकर: ठीक आहे, "झेपत नाही" हे शब्द नको होते. ए.ए.एस. घेऊन इंजिनिअरिंगला जाऊ नका, हे मात्र लिहीतच राहणार.

वऱ्हाडी_जर्सीत: ते लिहाच. तेवढंच लिहिलं असतंत तर मी कालच अंगठा दिला असता.