मदत हवी आहे : लिफ्ट केलेल्या थारचे टायर घासतायत

मंडळी, २०२० नंतरची डिझेल थार आहे. गाडी उंच करणारं दोन इंची लिफ्ट किट बसवलं आणि मूळच्या २५५/६५ आर१८ ऐवजी २८५/६५ आर१८ टायर घातले. म्हणजे व्यास साधारण ३९ मिमी वाढला आणि रुंदी ३०. रिम मूळचेच.

आता स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा टायर मागच्या बाजूला चाकाच्या खोबणीतल्या प्लास्टिक लायनरला घासतो. रिव्हर्स घेताना तर जास्तच. आतून कंट्रोल आर्मवरही (चाक चासीला जोडणारा दांडा) पुसटसा घासल्याचा माग दिसतो. खड्ड्यात सस्पेन्शन दबलं की वेगळाच खर्रर्र आवाज, तो कुठून येतो ते अजून सापडलेलं नाही.

गॅरेजवाला म्हणतो स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) टाका. मला ते पटत नाही. आतलं घासणं थांबेल, पण टायर बाहेर सरकला की वळताना त्याचा घेर वाढणार आणि लायनर, बंपर आणखी घासणार. शिवाय बेअरिंगवरचा ताण वेगळाच.

अलाइनमेंटमध्ये कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) वाढवून चाक थोडं पुढे सरकवता येईल का? कुणी केलंय? की सरळ हीट गनने लायनर मागे दाबून बसवू? दबल्यावरच्या घासण्याला लांब बंप स्टॉप (सस्पेन्शनला जास्त दबण्यापासून अडवणारे रबरी ठोकळे) पुरतील का? टायर बदलायचे नाहीत, पैसे आधीच भरपूर गेलेत. पुण्यात हे काम नीट करणारं कुणी असेल तर तेही सांगा.