शब्दचर्चा : फ्रीमेसनांचा गुण्या, ओळंबा आणि पाणसळ

प्रश्न

गवंड्यांच्या हत्यारांतून नीती शिकवणाऱ्या फ्रीमेसन या बंधुसंस्थेच्या मुंबईतल्या जुन्या लॉजांवरचा, म्हणजे शाखांवरचा, मजकूर मराठीत करते आहे. त्यांच्या 'स्क्वेअर अँड कंपासेस' या चिन्हाचं भाषांतर एके ठिकाणी 'चौकोन आणि होकायंत्र' असं वाचलं. चित्रात या दोन्ही वस्तू दिसत नाहीत. बाकीच्या हत्यारांनाही नेमके शब्द हवेत, आणि विधीत त्यांना दिलेला नीतीचा अर्थही त्यात टिकायला हवा.

प्रतिसाद

दोन्ही शब्द साफ चुकलेत. स्क्वेअर म्हणजे गवंड्याचा गुण्या, काटकोन तपासायचा. कंपासेस म्हणजे कर्कटक. गुण्या सांगतो की वागणं नीतीला धरून आहे का ते लावून बघ. कर्कटक सांगतं की स्वतःच्या वासनांभोवती मर्यादा आखून घे. 'चौकोन' म्हटलं की नुसती आकृती उरते, तपासणं जातं. विधीचा जीव तर त्या तपासण्यातच आहे.

इंग्लंडच्या पद्धतीत सभासदाने चढायच्या पायऱ्या (डिग्री) तीन, प्रत्येकीची हत्यारंही तीन. नवख्याला चोवीस इंची पट्टी, हातोडा आणि छिन्नी. पट्टीचे २४ इंच म्हणजे दिवसाचे २४ तास : काही प्रार्थनेला, काही काम आणि विसाव्याला, काही अडल्यानडल्या बांधवाला. हातोडा म्हणजे सदसद्विवेकाचा जोर, छिन्नी म्हणजे शिक्षण. पट्टीला मी खुशाल 'गज' म्हणेन. आपला गज इंचांत मोजला तर वेगळा भरेल, पण त्याचे तसू २४च, म्हणजे तासांचा हिशेब जुळतो.

छिन्नीसाठी 'टाकी' घ्या. अनघड दगडाचा घडीव दगड करायचा, हीच या पायरीची कल्पना. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे आपल्याकडे कुणाला समजावावं लागत नाही. फरक एवढाच की आपल्या म्हणीत दगड सोसतो आणि घाव दुसरा घालतो. इथे दगडही तोच आणि पाथरवटही तोच. तळटीप देणार असाल तर ही जरूर द्या.

आणखी एक प्रतिसाद

मी बांधकामावर असतो, म्हणून दुसऱ्या पायरीबद्दल लिहितो : गुण्या, पाणसळ (लेव्हल), ओळंबा. ओळंबा लावताना गवंडी दोरी ओवलेला ठोकळा वर भिंतीला धरतो आणि दोरीच्या टोकाचा गोळा खाली सोडतो. गोळ्याची आणि ठोकळ्याची रुंदी सारखीच असते. गोळा स्थिर झाला की तो भिंतीला जेमतेम लागला पाहिजे. मध्ये फट राहिली तर भिंत वर पुढे आलेली. 'ओळंब्यात आहे' एवढंच तो म्हणतो. विधीत ओळंबा म्हणजे सचोटी, ताठ उभं राहणं. संस्कृत 'अवलंब'वरून आलेला हा शब्द बदलायचं कारणच नाही.

प्रश्नकर्ती

पण 'पाणसळ' या शब्दातच पाणी आलं. चित्रातल्या लेव्हलला तर दोरी लोंबते आहे.

पहिला प्रतिसादक

बरोबर पाहिलंत. जुनी लेव्हल म्हणजे लाकडी चौकट आणि तिच्या मधोमध ओळंबा. दोरी खुणेवर आली की खालची बाजू सपाट. तरीही 'पाणसळ'च ठेवा. तिचा अर्थ समता आहे, आणि 'पाणसळीत' म्हटलं की उंचसखल नाही हे मराठी कानाला लगेच कळतं. लॉजमध्ये प्रमुखाच्या गळ्यात गुण्या असतो, त्याच्या हाताखालच्या दोन पदाधिकाऱ्यांपैकी वरिष्ठ वॉर्डनच्या गळ्यात पाणसळ आणि कनिष्ठ वॉर्डनच्या ओळंबा. आडवं आणि उभं, दोन्ही जुळलं तरच काटकोन साधतो. ही मांडणी मला फार सुंदर वाटते.

लंडनची ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांची मुख्य संस्था, १७१७ची मानतात, पण हा अर्थ त्याहून जुना दिसतो. आयर्लंडात लिमरिकचा बाल्स ब्रिज १८३०मध्ये पाडताना पितळी गुण्या सापडला. त्यावर १५०७ साल आहे आणि मजकूर साधारण असा : प्रेमाने आणि काळजीने, पाणसळीवर, गुण्याबरहुकूम जगायचा यत्न करीन.

तिसऱ्या पायरीत पेन्सिल, कर्कटक आणि स्किरेट. खुंटीभोवती फिरणाऱ्या फिरकीवरून दोरी सोडायची आणि पायाची रेघ आखायची, ते स्किरेट. 'आखणीची दोरी' म्हणा. अर्थ, वागण्याची न ढळणारी सरळ रेघ. पेन्सिल म्हणजे आपल्या बोलण्या-वागण्याची वर नोंद होते आहे ही जाणीव.

अमेरिकी लॉजांत मात्र या पायरीचं मुख्य हत्यार थापी, बंधुप्रेमाचा गिलावा पसरायला. मुंबईची 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही भारतीयांना दार उघडणारी १८४३ची लॉज स्कॉटिश सनदेची होती. तेव्हा तुमचा मजकूर कुठल्या पद्धतीचा आहे ते पाहून मगच तिसऱ्या पायरीची हत्यारं लिहा.