रीच नेमका कधी पडला? 'हेलो'च्या कालक्रमातला घोळ मला किरकोळ का वाटत नाही

संथ_वाचक (धागाकर्ता)

रहस्यभेद होणार आहे. 'हेलो: रीच' खेळायचा राहिला असेल तर आधी खेळून या.

ज्यांना ही मालिका माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रीच हा माणसांचा पृथ्वीखालोखालचा सर्वांत मोठा लष्करी तळ असलेला ग्रह. एप्सिलॉन एरिडानी ताऱ्याभोवती फिरतो. तारा खरा आहे, आपल्यापासून साधारण साडेदहा प्रकाशवर्षांवर. २५५२ साली कोव्हेनंट ही परग्रहवासीयांची आघाडी रीच जाळून टाकते. तिथून 'पिलर ऑफ ऑटम' हे जहाज निसटतं, हेलो या अंतराळातल्या महाकाय वर्तुळाकार रचनेपाशी पोचतं आणि २००१ चा पहिला गेम सुरू होतो.

हा विनाश दोनदा सांगितला गेलाय. आधी एरिक नायलंडच्या 'द फॉल ऑफ रीच' या कादंबरीत, जी पहिल्या गेमच्या तोंडावर २००१ मध्येच आली. मग २०१० मध्ये गेम बनवणाऱ्या बंजी कंपनीने स्वतः 'हेलो: रीच' काढला. 'ऑटम' निघण्याची तारीख दोन्हीकडे एकच, ३० ऑगस्ट. माझं भांडण त्याआधीच्या पाच आठवड्यांशी आहे.

कादंबरीत २९ ऑगस्टला रीचवर सगळं सुरळीत चाललंय. मालिकेचा नायक मास्टर चीफ नवं मार्क ५ चिलखत चढवून कॉर्टाना या कृत्रिम बुद्धिमत्तेबरोबर चाचणी देतोय. हयात असलेल्या स्पार्टन-२ ना, म्हणजे चीफसारख्या लहानपणापासून घडवलेल्या महासैनिकांना, एका मोहिमेसाठी बोलावून घेतलंय: कोव्हेनंटचा एक प्रॉफेट, म्हणजे त्यांचा धर्मनेता, जिवंत धरून आणायचा आणि त्याच्या बदल्यात तह मागायचा. दुसऱ्या दिवशी आभाळात आरमार उगवतं. वीस कक्षीय तोफा, शंभरावर जहाजं, सगळं असूनही एका दिवसात संपतं.

आता गेम. यात आपण नोबल टीम या स्पार्टन पथकातला सिक्स म्हणून खेळतो. मोहीम सुरू होताना पडद्यावर तारीख उमटते, त्यामुळे पळवाट नाही. २४ जुलैला व्हिसेग्राडच्या रिले केंद्रावर शत्रू सापडतो. १२ ऑगस्टला डोक्यावर शत्रूचं अवाढव्य जहाज, सुपरकॅरिअर, दिसतं. १४ ला टीममधला जॉर्ज स्वतःसकट ते उडवतो. २३ ला न्यू अलेक्झांड्रियातून लोकांना बाहेर काढताना शहर पेटलेलं आहे. मग २९ तारखेला चीफ कोणत्या ग्रहावर चाचणी देत होता?

मी तारखांसाठी तारखांवर अडून बसलेलो नाही. ज्या घरात सगळ्यांत सुरक्षित वाटत होतं ते एका दिवसात गेलं, यातच रीचची शोकांतिका होती. गेमने तो अचानकपणाच काढून घेतला. मोबदल्यात जे दिलं ते मला कमी वाटतं.

गच्चीवरचा_गेमर

पूर्ण असहमत.

एका दिवसात ग्रह पडला हे कादंबरीत एका प्रकरणात लिहिता येतं. गेममध्ये खेळणाऱ्याला त्या ग्रहावर आधी राहावं लागतं, नाहीतर तो गेल्याचं दुःख कशाचं करणार? पहिल्या मोहिमेत आपण डोंगरातल्या शेतकऱ्यांच्या वस्तीत उतरतो. जॉर्ज त्या माणसांशी त्यांच्याच हंगेरियन वळणाच्या भाषेत बोलतो. तो त्याच मातीतला आहे. पुढे तेच डोंगर, तीच आभाळाची कड जळताना बघायची. हे एका दिवसात बसवून दाखवा.

आणि जॉर्जचं मरण. सुपरकॅरिअरवर नेलेला बॉम्ब हातानेच पेटवावा लागणार हे कळल्यावर तो सिक्सला उचलून बाहेर लोटतो. रीच वाचला या समजात तो जातो. सिक्स अजून खाली पडतोय तोवर एकामागून एक जहाजं प्रकट व्हायला लागतात आणि रेडिओवर तीच सूचना पुन्हा पुन्हा ऐकू येत राहते. तुम्हाला हवा असलेला अचानकपणा हाच तर आहे! फक्त तो १४ ऑगस्टला येतो. त्यापुढचे दोन आठवडे आपल्याला माहीत असतं की जॉर्ज फुकट गेला, आणि तरी लढायचं असतं. या दोन आठवड्यांसाठी मी कादंबरीची एक तारीख आनंदाने सोडून देईन.

आपल्याकडे एक्सबॉक्स होता किती जणांकडे? माझ्यासारख्यांच्या हाती 'रीच' आला तो ३ डिसेंबर २०१९ ला, मास्टर चीफ कलेक्शन पीसीवर आलं तेव्हा. त्या संचात पीसीला पहिला मान याच गेमला मिळाला, कारण कथेच्या क्रमात तो आधी येतो. आम्हाला रीच म्हणजे हाच. कादंबरी वाचली तर तीच वेगळी वाटते.

ताम्हिणी

@गच्चीवरचा_गेमर, जॉर्जचा प्रसंग उत्तम आहे, त्यावर वाद नाही. पण धागाकर्त्याने तारखेवर भर दिल्यामुळे मुख्य मुद्दा बाजूला पडतोय. बदललंय ते कारण.

कादंबरीत कोव्हेनंटला रीच सापडतो कसा? जुलैच्या मध्यावर सिग्मा ऑक्टॅनस ४ या ग्रहापाशी कीज, म्हणजे पुढे 'ऑटम'चा कप्तान होणारा अधिकारी, 'इरोक्वा' हे एकटं जहाज घेऊन शत्रूच्या चार जहाजांना भिडतो आणि जिंकतो. त्या डावपेचाला पुढे त्याचंच नाव पडतं. त्याच्याच जहाजाला शत्रूचं एक हेरयंत्र चिकटून येतं आणि ते रीचपर्यंत वाट दाखवतं. माणसाच्या सर्वांत देखण्या विजयाच्या पाठीला चिकटून त्याचा नाश घरी आला. मला संपूर्ण मालिकेतला हा सर्वांत मोठा विचार वाटतो.

गेममध्ये शत्रू कशासाठी येतो? रीचवरच्या स्वोर्ड बेस या तळाखाली पुरलेल्या, फोररनर या प्राचीन परग्रही संस्कृतीच्या अवशेषांसाठी. कीज शेवटच्या मोहिमेत विमानातून उतरतो, सिक्सने आणलेला कॉर्टानाच्या एका तुकड्याचा डबा हातात घेतो, दोन वाक्यं बोलतो. त्याच्या माथ्यावर कसलंही ओझं नाही. कादंबरीतला कीज मला तिथे ओळखूच आला नाही.

हेलोचा पत्ता कसा लागला याचंही तेच. कादंबरीत सिग्मा ऑक्टॅनसवर मिळालेल्या चिन्हांमधून कॉर्टानाने ताऱ्यांचे निर्देशांक काढले. गेममध्ये स्पार्टन घडवणारी शास्त्रज्ञ हॅल्सी सांगते की रीचच्या पोटातल्या शोधाचं सार कॉर्टानाच्या त्या तुकड्यात आहे आणि माणसाचं भवितव्य त्यावर ठरेल. एकाच कुलपाला दोन किल्ल्या दिल्यात, आणि नेमकी कोणती लागली ते कुणी सांगत नाही.

अक्षांश_रेखांश

मी गेमच्या बाजूने आहे, पण भावनेवर नको, कालक्रमावरच बोलू. माझ्या मते दोन्ही गोष्टी एकत्र बसतात.

एक म्हणजे, सिग्मा ऑक्टॅनस जुलैच्या मध्यावर आणि व्हिसेग्राड २४ जुलैला. मध्ये आठवडाभर. कीजच्या जहाजामागून माग काढत आधी एक छोटी, गुपचूप टोळी आली आणि ३० ऑगस्टला मुख्य आरमार आलं, असं वाचायला काय हरकत आहे? ताम्हिणी, तुमचं कारण शाबूत राहतं.

दुसरं, एवढी लढाई बाकीच्यांपासून गुप्त कशी राहिली म्हणाल, तर ओनी म्हणजे नौदलाचं हेरखातं. ज्यांनी सहा वर्षांची मुलं पळवून स्पार्टन बनवले आणि घरी मरणाऱ्या जुळ्या प्रतिकृती पाठवल्या, ते एका खंडावरची लढाई दाबून ठेवणार नाहीत? बंजीनंतर मालिका सांभाळणाऱ्या ३४३ इंडस्ट्रीजने नंतर हेलोच्या वेपॉइंट संकेतस्थळावर 'डेटा ड्रॉप' म्हणून जी कागदपत्रं टाकली त्यांचा रोख हाच आहे. गेमच्या विशेष आवृत्तीबरोबर आलेल्या हॅल्सीच्या रोजनिशीत कॉर्टानाचे दोन भाग केल्याचं आहे. म्हणजे एक भाग चीफबरोबर, दुसरा हॅल्सीजवळ. २०१० मध्ये कादंबरीची नवी आवृत्ती निघाली तेव्हा तिच्यातही दुरुस्त्या केल्या. घोळ होता हे मान्य, तो निस्तरलाही.

संथ_वाचक

@अक्षांश_रेखांश, कागदावर सगळं जुळवता येतं. पण वाचताना पटतं का?

रीचची लोकसंख्या मालिकेत ७० कोटी सांगितली आहे. न्यू अलेक्झांड्रिया हे तिथलं मोठं शहर. ते जळतंय, नागरिकांनी भरलेलं जहाज सगळ्यांदेखत पाडलं जातंय, आणि त्याच ग्रहावरचा लष्करी तळ आठवडाभराने चिलखताची चाचणी घेतोय? बातमी दाबली असं म्हणू, धूर कसा दाबणार? आणि बातमी वरिष्ठांना तरी माहीत असणार ना? तर मग शत्रू दारात असताना आपले सगळ्यांत चांगले सैनिक दूर प्रॉफेट पकडायला पाठवायची तयारी कोण करतं?

कॉर्टानाच्या दोन भागांचं स्पष्टीकरण तर मला थेट ठिगळच वाटतं. ते गेममध्ये कुठे आहे? जास्तीचे पैसे मोजून विशेष आवृत्ती घेतलेल्यालाच ते कळणार. कथेतली भोकं वेगळ्या पुडीत विकलेल्या रोजनिशीने बुजत नाहीत.

रात्रपाळी

मी दोन्ही केलं, आधी कादंबरी आणि मग गेम. तुम्ही म्हणता तो धक्का मलाही बसला, पण तासाभरात विसरलो. न्यू अलेक्झांड्रियाच्या रात्री, पावसात, ते संथ संगीत सुरू झालं आणि टीममधली कॅट बोलता बोलता पडली. त्यानंतर मला कुणाची तारीख आठवली नाही. एवढंच.

शिळाप्रेस

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला हा वाद ओळखीचा वाटतो. बखरीत एक असतं, समकालीन पत्रात दुसरं. प्रसंग तोच, पण दिवस आणि माणसं वेगळी. म्हणून आपण बखर फेकून देत नाही. बखरकाराला काय महत्त्वाचं वाटलं ते तिच्यातून कळतं. नायलंडची कादंबरी म्हणजे चीफच्या बाजूचा वृत्तांत, गेम म्हणजे नोबल टीमच्या बाजूचा. युद्धाच्या धामधुमीत दोन वृत्तांत तंतोतंत जुळले असते तर मला जास्त संशय आला असता.

ताम्हिणी

@शिळाप्रेस, वाचायला छान आहे, पण इथे लागू होत नाही. बखर आणि पत्र यांच्यामागे एक प्रत्यक्ष घडलेली गोष्ट असते. दोन्ही ताडून तिच्याजवळ जाता येतं, एक चुकलं तरी घटना जागच्या जागी राहते. रीचच्या मागे काहीच नाही. जे लिहिलं तेवढंच घडलं. म्हणून कल्पित कथेतल्या लेखकावर कालक्रमाची जबाबदारी इतिहासकारापेक्षा जास्त असते, कारण त्याने मोडलं तर दुसरीकडून दुरुस्त करता येत नाही.

शिवाय वृत्तांत वेगळे आहेत असं मालिका स्वतः कुठेच म्हणत नाही. गेममध्ये निवेदक नाही, तारीख पडद्यावर छापलेली आहे. ती कुणाची आठवण नाही.

अवांतर: हॅल्सीचंही बघा. नायलंडच्याच २००६ च्या 'घोस्ट्स ऑफ ओनिक्स'मध्ये स्पार्टन-३ हा पुढच्या स्पार्टन सैनिकांचा कार्यक्रम तिच्यापासून लपवलेला आहे, आणि त्या गोपनीयतेवर तिची अर्धी व्यक्तिरेखा उभी आहे. गेममध्ये ती स्वोर्ड बेसवर नोबल टीमशी समोरासमोर बोलते. टीममधला जॉर्ज तेवढा स्पार्टन-२, बाकीचे सगळे ३. ज्या बाईने स्पार्टन घडवले तिला समोरचे आपले नाहीत हे कळलं नाही?

अक्षांश_रेखांश

कळलं की. जॉर्जशी ती ज्या मायेने बोलते आणि इतरांशी ज्या कोरडेपणाने, त्यातच ते आहे. तिला संशय होता, कार्यक्रमाचा तपशील नव्हता. मला तो प्रसंग 'ओनिक्स'ला पूरक वाटतो.

दोन_आण्याचा_वाचक

कुणी टीव्ही मालिकेचं नाव घेतलं नाही म्हणून लिहितो. २०२२ च्या टीव्ही मालिकेनेही रीच पाडला, अगदी वेगळ्या तऱ्हेने. पण त्यांनी आधीच सांगून टाकलं की आमचा कालक्रम स्वतंत्र, त्याला 'सिल्व्हर टाइमलाइन' म्हणा. मालिका मला आवडली नाही, तो भाग वेगळा. पण निदान खोटं बोलले नाहीत. बंजीला कादंबरी नको होती तर २०१० मध्येच तसं जाहीर करायचं होतं.

गच्चीवरचा_गेमर

ही तर आणखी वाईट वाट! स्वतंत्र म्हटलं की काहीही करायची मोकळीक. 'रीच'चा शेवट अंगावर येतो तो 'ऑटम' पुढे त्या पहिल्या गेममध्येच पोचणार आहे म्हणून. सिक्सने दिलेला डबा ज्या कीजच्या हातात गेला तोच कीज पुढे हेलोवर मरतो. हा धागा तोडला तर सिक्सच्या मरणाला अर्थ उरत नाही. थोडी तारखांची ओढाताण चालेल, पण एकाच जगात ठेवा.

संथ_वाचक

शेवटाचाच विषय निघालाय तर माझा एकच प्रश्न आहे आणि त्याला अजून कुणी समाधानकारक उत्तर दिलेलं नाही. कादंबरीत ३० तारखेला 'ऑटम' पूर्ण वेळ अंतराळात आहे. चीफ गॅमा या अंतराळस्थानकावर जाऊन तिथल्या जहाजातला दिशादर्शनाचा साठा नष्ट करतो, म्हणजे पृथ्वीचा पत्ता शत्रूला लागू नये. त्याच्याबरोबरची स्पार्टन लिंडा तिथे जवळजवळ मरते. बाकीचे स्पार्टन तोफांचे जनित्र वाचवायला खाली उतरतात. या तासांमध्ये फट नाही. गेममध्ये तेच जहाज अस्झोडच्या गोदीत जमिनीवर उभं आहे. कशासाठी?

अक्षांश_रेखांश

तो तुकडा घ्यायला खाली येऊन परत वर गेलं, असं मानलं तर जमतं. घट्ट आहे, पण अशक्य नाही. आणि जमिनीवर हवंच होतं. जहाज उड्डाण घेत असताना शत्रूची क्रूझर वाटेत येते, टीममधला एमिल तोफेवरच मारला जातो, आणि सिक्स डबा देऊन झाल्यावरही कीजबरोबर न जाता त्या तोफेवर बसतो. जहाज वर अंतराळात असतं तर सिक्सला मागे राहायचं कारणच नव्हतं.

संथ_वाचक

कीज डबा घ्यायला पेलिकन विमानातून आला होता. तेच पेलिकन सरळ कक्षेतल्या जहाजापर्यंत जाऊ शकत होतं, आणि तीच क्रूझर त्या पेलिकनच्याही वाटेत येऊ शकली असती. एमिल तिथेच पडला असता, सिक्स तोफेवर तसाच बसला असता, आणि कादंबरीतलं एकही पान खोटं ठरलं नसतं.