जुनी बॉनव्हिल की नवी? रेट्रो गाडीवर मतं मांडा

प्लगपाना:
ट्रायम्फ या ब्रिटिश कंपनीची टी१२० बॉनव्हिल ही मोटरसायकल १९५९ साली आली: ६५० सीसी, एअर-कूल्ड. २०१६ साली त्याच नावाने आलेली गाडी १२०० सीसी, लिक्विड-कूल्ड, एबीएसवाली (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा). थ्रॉटल बॉडीला (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) बाहेरून जुन्या अमल कंपनीच्या कार्ब्युरेटरचं रूप दिलंय, आत सगळं इलेक्ट्रॉनिक. माझं मत सरळ आहे, ज्याला गाडी भरपूर चालवायची आहे त्याने नवीच घ्यावी. जुनीचा पुढचा ड्रम ब्रेक उतारावर तापला की लिव्हर दाबूनही गाडी पुढेच जाते. नवीला पुढे ३१० मिमीच्या दोन डिस्क आहेत.

वंगण:
साफ असहमत. रूप जुनं आणि रेडिएटर पुढे, मग सिलिंडरवरचे फिन्स (हवेने थंड करणाऱ्या पट्ट्या) दाखवण्यापुरतेच उरतात. जुनीची देखभाल म्हणजे बाऊ नाही. इंजिन थंड असताना टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट इनटेकला ०.०५ मिमी, एक्झॉस्टला ०.१० मिमी. ठिणगीचे कॉन्टॅक्ट पॉइंट पूर्ण उघडल्यावर गॅप ०.३८ मिमी. फीलर गेज (फट मोजायच्या पात्या), पाना, स्क्रूड्रायव्हर, बस्स. अमलचे कार्ब तर आजही नवे बनतात. उद्या नवीचं एबीएस मॉड्युलेटर किंवा ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेलं आणि कंपनीने पार्ट बंद केला, तर काय करणार?

प्लगपाना:
ईसीयूचा मुद्दा मान्य. पण तुम्ही फक्त सोपी कामं सांगितलीत. गाडी काही आठवडे उभी राहिली की ऑइलच्या वेगळ्या टाकीतलं ऑइल पंपाच्या बॉल व्हॉल्व्हमधून झिरपत क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या पेटीत) उतरतं. तसंच स्टार्ट केलं तर सायलेन्सरमधून निळा धूर निघतो, ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइल उडतं, सीलवर ताण येतो. म्हणजे आधी खालचा ड्रेन प्लग उघडा, ऑइल स्वच्छ भांड्यात घ्या, गाळून परत टाकीत ओता, मग किक मारा. रोज ऑफिसला जाणाऱ्याला हे जमणार आहे का?

वंगण:
रोज चालवणाऱ्याची गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहतेच कशी? आणि फार उतरत असेल तर पंप उघडून बॉल आणि त्याची सीट साफ करायची, बरंचसं थांबतं.

दोनसिलिंडर:
दोघेही खरेदीच्या वेळची मुख्य गोष्ट विसरताय. जुनीच्या इंजिनात ऑइलचा बारीक फिल्टर नाही, नुसती जाळी. ऑइलमधला गाळ क्रँकच्या आतल्या नळीत, म्हणजे स्लज ट्रॅपमध्ये, फेकला जाऊन घट्ट बसतो. ती भरली की बिग एंडला (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथे) ऑइल मिळत नाही आणि बेअरिंग जातं. साफ करायला इंजिन खाली उतरवून क्रँककेस उघडावी लागते. म्हणून ‘इंजिन नवं केलंय’ असं विकणारा म्हणाला की ती नळी काढल्याचा फोटो मागा. नसेल तर त्या कामाचा खर्च किमतीतून वजा करा. चकचकीत क्रोम बघून भुलू नका.

कार्बही हातात धरून बघा. फ्लँजचे (कार्ब इंजिनला जोडणाऱ्या सपाट कडेचे) नट जास्त आवळले की फ्लँज वाकते, तिथून हवा शिरते, हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, आयडल (उभ्या गाडीचा वेग) वर-खाली होतं आणि पिस्टन तापतो. फ्लँजवर सरळ पट्टी ठेवा, मधून उजेड दिसला तर वाकलीय.

प्लगपाना:
हे वाचून माझं मत आणखी पक्कं झालं. इतकं तपासायला जमणार नसेल त्याने जुनीच्या वाटेला जाऊ नये.

वंगण:
आणि जमत असेल त्याने नवी कशाला घ्यावी? पट्टी आणि ड्रेन प्लग वापरता येणाऱ्याला कुठलीही जुनी गाडी चालती ठेवता येते. ईसीयू मात्र त्याला घरी उघडता येत नाही.