मदत हवी आहे: याला छळ म्हणायचं की कडक स्वभाव?

अबोली: सोमवारी एचआरची वेळ घेतली आहे, त्याआधी उत्तर हवंय. आज परत तेच झालं. सगळ्यांदेखत "तुम्हाला आठवण करून द्यायला वेगळा माणूस ठेवू का?" असं ऐकवलं. तक्रारीत "त्रास" लिहू की "छळ"? नमुना असेल तर टाका.

रानवाट: परत तेच म्हणजे काय? बोललं कोण, साहेब की सहकारी? कधीपासून? एवढ्यावर नमुना कसला देणार?

जुनाजाणता: एका वाक्याचा छळ होत नाही हो. २२ वर्षं नोकरी झाली माझी, बोलणी खाऊनच काम शिकलो.

मोरपीस: तक्रारीत वेळ घालवू नका. लिंक्डइनवर प्रोफाइल नीट करा, बायोडेटा एका पानात बसवा. कसा ते सांगते.

टिपणवही: मोरपीस, त्यांनी ते विचारलेलंच नाही. जुनाजाणता, चुकीबद्दल बोलणारा साहेब काय चुकलं आणि काय करायचं ते सांगतो, आणि सगळ्यांना एकच माप लावतो. छळात माणूस हेरलेला असतो. अबोली, आठवण कशाची?

अबोली: मीटिंगची. टीम लीडर बोलतात. फेब्रुवारीपासून मला मीटिंगचं बोलावणंच येत नाही, बाकी सातही जणांना येतं. मी स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेली असते, मान वर करते तर सगळ्या खुर्च्या रिकाम्या. धावत आत गेलं की हे वाक्य.

रानवाट: अहो, हेच तर आधी लिहायचं!

अबोली: रोजचंच झालंय, लिहायचं सुचलंच नाही.

चिकित्सक: स्वीडनमध्ये हाइन्झ लेमन यांनी १९८० च्या दशकात यावर संशोधन केलं. त्यांची कसोटी अशी की आठवड्यातून किमान एकदा आणि किमान सहा महिने. त्यात बसत असेल तरच छळ म्हणा.

टिपणवही: ती संशोधनात मोजणी करण्यासाठी लावलेली पट्टी आहे, तक्रारीची पात्रता नव्हे. सहा महिने सोसून मग दार वाजवायचं का? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०१९ चा करार क्रमांक १९० एकदाच घडलेलं वर्तनही धरतो. आणि हेतू हानीचा नसला तरी परिणाम तसा होत असेल, तर तेही.

चिकित्सक: मान्य, पण तो करार मंजूर केलेल्या देशांना बांधतो. आधी आपल्या कंपनीचं धोरण वाचायला हवं.

शब्दवेल्हाळ: लेमन यांचा शब्द "मॉबिंग". पक्षी जमून शिकाऱ्यावर तुटून पडतात, त्यावरून आलेला. आपल्याकडे "दादागिरी" म्हणतात, पण बोलावणं न पाठवण्यात दादागिरी कुठे दिसते? "डावलणं" म्हणावं का?

टिपणवही: शब्द नंतर ठरवू. अबोली, "छळ" की "त्रास" यावर अडू नका, घडलं ते लिहा. तारीख, वेळ, नेमके शब्द, समोर कोण होतं, त्यामुळे कोणतं काम अडलं. "ते नेहमी अपमान करतात" याला उत्तर देणं सोपं असतं. "या तारखेची मीटिंग, बोलावण्याच्या यादीत माझं नाव नाही" याला नसतं.

रानवाट: फोनवर रेकॉर्डिंगही करून ठेवा.

टिपणवही: थांबा, न सांगता रेकॉर्डिंग करण्याचे नियम जागोजागी वेगळे आहेत, तेच अंगाशी यायचं. त्यापेक्षा टीम लीडरना साधा मेल करा: "मला मीटिंगचं बोलावणं येत नाही, यादीत नाव घालावं." उत्तर येवो न येवो, नोंद राहते.

जुनाजाणता: बोलावण्याचं आत्ता वाचलं. माझं पहिलं उत्तर मागे घेतो. आमच्यातल्या एकाला वर्षभर काम न देता बसवून ठेवलं होतं. कुणी त्याच्यावर आवाज चढवला नाही, म्हणून आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याने राजीनामा दिला तेव्हा कारण विचारायलाही आम्ही गेलो नाही. ताई, शेजारच्या खुर्चीवरच्याला विचारून बघा, तो सांगेल.

अबोली: विचारलं. तिने तिच्या कॅलेंडरमधलं बोलावणं दाखवलं. दर आठवड्याचं एकच आहे, जानेवारीपर्यंत त्यात माझं नाव होतं. साक्ष द्यायला मात्र घाबरते आहे. मेल आत्ताच पाठवला.

रानवाट: तिच्यावर जोर करू नका. आणि एक राहिलंच, एचआरमध्ये ज्यांना भेटणार आहात ते या टीम लीडरच्याच हाताखाली तर नाहीत ना?